रुपरावचा उजवा हात

आज खरं सांगून टाकायचं, असं ठरलं होतं. सुभद्रेनं नवऱ्याला घरून निघताना दोनदा बजावलं होतं, आणि वकिलांनी कोर्टाच्या पायरीवर तिसऱ्यांदा. नत्थूजीनं तिन्ही वेळा मान हलवली. आता तो टोपी मांडीवर घेऊन नागपूरच्या दिवाणी कोर्टातल्या बाकावर बसला होता.

समोर साक्षीच्या पिंजऱ्यात रुपराव शिंपी उभा होता. त्याचा उजवा खांदा जरा पुढे झुकलेला होता आणि हात खांद्याच्या वर उचलला जात नव्हता. हा हात नत्थूजीनं निकामी केला, म्हणून त्यानं भरपाई द्यावी, असा रुपरावचा दावा होता. नत्थूजीनं आपल्याला बुडताना बाहेर काढलं, हेही दाव्यात प्रामाणिकपणे लिहिलं होतं. फक्त जरा नीट काढायला हवं होतं, एवढंच वादीचं म्हणणं.

गोष्ट गेल्या कार्तिकातली. नत्थूजी सकाळी डोंग्यात बसून तलावातले शिंगाडे काढत होता. शिंगाड्याच्या वेलांत चांगला पोहणाराही अडकतो, म्हणून त्या काठाला कोणी फिरकत नसे. रुपराव नेमका तिथंच आला. त्यानं चपला काढल्या, शेजारी शेजारी नीट ठेवल्या आणि पाण्यात उडी घेतली. नत्थूजीनं डोंगा वळवला. वेलांच्या गुंत्यात त्याच्या हाती लागला तो उजवा हात. तोच धरून त्यानं जिवाच्या आकांतानं ओढलं, आणि खांदा निखळला.

इस्पितळात नेलं असतं तर तो नीट बसला असता. पण तिथं पोलीस विचारतात, आणि जीव द्यायला निघालेल्यावर गुन्हा दाखल होतो, एवढं नत्थूजीला माहीत होतं. म्हणून त्यानं रुपरावला महाल भागातल्या हाडं बसवणाऱ्या पैलवानाकडे नेलं. निघण्याआधी काठावरची एक चप्पल उचलून तलावात भिरकावली, दुसरी तशीच तिरपी टाकून दिली. रुपरावच्या बायकोला, पाय घसरला म्हणून सांगितलं. पैलवानानं खांदा बसवला, पण बसवला वाकडा.

रुपरावचा मेहुणा चंपतराव एका वकिलाकडे कारकून होता. त्याला एकच प्रश्न पडला. नुसता पाय घसरला होता, तर मग इस्पितळात काहून नाही नेलं? याचं खरं उत्तर रुपरावला देता येईना. बायकोसमोर तर मुळीच नाही. चंपतरावाला तेवढं पुरे झालं. त्यानं दावा तयार केला आणि रुपरावनं डाव्या हातानं सही ठोकली.

सुभद्रा संतापली. दावा हरला तर डोंगा आणि तलावाचा ठेका, दोन्ही जाणार होते. पण नत्थूजीला वेगळीच धास्ती होती. तलावावरच्या त्या दिवसापासून तो रोज सकाळी टोपली घेऊन मुद्दाम रुपरावच्या दुकानावरून जायचा. फळ्या उघडलेल्या दिसल्या की त्याला बरं वाटायचं, आणि पुढं गेलं की उद्याची काळजी लागायची. का उडी घेतली, हे त्यानं कधी विचारलं नाही. आज आपण भर कोर्टात सगळं सांगितलं आणि हा इथून निघून थेट तलावावर गेला तर, याचीच त्याला भीती वाटत होती.

न्यायाधीशांनी चष्मा पुसला आणि रुपरावला वय विचारलं. बेचाळीस, तो म्हणाला.

“अजून किती वर्षं शिलाईचं काम केलं असतं तुम्ही?”

रुपरावचा वकील उत्तर द्यायला उठला. न्यायाधीशांनी त्याला हातानंच खाली बसवलं. वादीलाच बोलू द्या, असं ते म्हणाले.

नत्थूजीनं टोपी मुठीत आवळली. या माणसाला पुढच्या वर्षांबद्दल कोणी विचारावं, हेच त्याला नको होतं. रुपरावनं खाली पाहिलं, मग नत्थूजीकडे पाहिलं.

“केलं असतं काहून, अजूनही करीन साहेब,” तो म्हणाला. “अठरा वर्षं तरी. पोरगी दोन वर्षांची आहे माही. तिच्या लग्नाचं पोलकं मलेच शिवाचं आहे.”

नत्थूजीच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्याला हसूही आलं आणि डोळेही भरून आले. त्याच्या वकिलांनी कोपरखळी मारली तेव्हा कुठं आपलं नाव पुकारलं गेल्याचं त्याला कळलं. तो उठला, पिंजऱ्यात गेला. त्या दिवशी काय झालं, न्यायाधीशांनी विचारलं.

“पाय घसरला होता साहेब त्याचा,” नत्थूजी म्हणाला. “हात माह्याच्यानंच निखळला. भरपाई देतो मी.”

वकिलांनी कपाळाला हात लावला. चंपतराव मागच्या बाकावर खुशीत सावरून बसला. रुपरावनं मात्र मान खाली घातली ती वर केलीच नाही. न्यायाधीशांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग त्यांनी विचारलं, रक्कम एकदम द्याल की हप्त्यानं?

“हप्त्यानं साहेब. दर महिन्याले थोडे थोडे, अठरा वर्षं,” नत्थूजी म्हणाला. “पण घ्याले रुपरावनंच यावं लागन. दुसऱ्या कोणाच्या हातात मी देनार नाही.”