ढवळायची कांडी

बाबा गेल्यावर त्यांची गाजलेली अभिक्रिया प्रयोगशाळेत कोणालाच जमेना. कोणताही धातू न वापरता औषधी रेणू घडवणारी म्हणून तिचा बोलबाला होता. आता लोक दबक्या आवाजात तिला थाप म्हणू लागले. लेकीने बाबांची ढवळायची जुनी चुंबकी कांडी आठवण म्हणून घरी जपली होती. शेवटचा उपाय म्हणून त्यांची विद्यार्थिनी ती मागून घेऊन गेली.

आठवड्याने ती परत आली. “ताई, जमली. पण कांडीच्या ओरखड्यांत आधीच्या प्रयोगांतला धातू अडकून बसलाय. सगळी करामत त्याचीच.”

“म्हणजे बाबा खोटं बोलले नाहीत.”

“नाही. चुकले. पण हे छापलं तर सरांचं वीस वर्षांचं नाव जाईल.”

“बाबा असते तर?”

“अजून लिहायला बसली नाहीस का, म्हणून मलाच ओरडले असते.”

लेकीने बाबांची खुर्ची पुसली आणि तिच्यापुढे सरकवली.