जुन्या व्होल्गाची काच

“हीपण नको,” तिलेक म्हणाला. “खाली डाव्या कोपऱ्यात लाट आहे.”

उलानने काचेतून पलीकडच्या विजेच्या खांबाकडे पाहिलं. डोकं इकडून तिकडे हलवलं. खांब सरळच राहिला.

“मला तर नाही दिसत.”

“मला दिसते.”

ल्यूबामावशीने काच परत जुन्या ब्लँकेटात गुंडाळली. बिश्केकच्या बाजारात कंटेनरांच्या रांगेत तिचं दुकान होतं, आणि जुन्या गाड्यांच्या काचा तिच्याइतक्या कुणाकडे नव्हत्या.

“पोरा, काच निवडतोयस की बायको?” ती तिलेकला म्हणाली. “सकाळपासून चौथी. ज्याची गाडी आहे तो बिचारा केव्हाचा हो म्हणतोय.”

गाडी खरं तर उलानच्या वडिलांची, सपार-आकेंची. त्यांच्या तरुणपणातली व्होल्गा. दोघं मित्र दोन वर्षं तोकमोकच्या वर्कशॉपात तिच्यावर राबत होते. इंजिन झालं, रंग झाला, राहिली फक्त समोरची काच. तीही मिळाली होती, कारखान्याची खूण असलेली, जुन्या पद्धतीची कडक काच. काल तिचे मक्याच्या दाण्याएवढे तुकडे झाले.

फोडली तिलेकने. भिंतीशी उभी करताना त्याने खाली ब्लँकेट घातलं नव्हतं. असली काच मधोमध ठोसा सोसते, पण कडेला खडा टोचला की संपलं. हे त्याला चांगलं ठाऊक होतं, कॉलेजात तो हेच तर शिकला होता. उलानला मात्र त्याने सांगितलं, मी आलो तेव्हा फुटलेलीच होती. सपार-आकेंनी सगळा राग मुलावर काढला. दार उघडं टाकून गेला असशील. काच सांभाळता येत नाही, घर काय सांभाळणार? उलानही उलटून बोलला. रात्री तो घरी न जाता वर्कशॉपातच झोपला.

“आणि मावशी, काच फुटल्याचं या पठ्ठ्याने मला सांगितलं कसं माहितीये?” उलान म्हणाला. “आधी बसवलं. चहा दिला. तब्येत विचारली. मला वाटलं, कुणी गेलंबिलं की काय! आमच्यात ती बातमी एकटादुकटा देत नाही ना. मामा गेला तेव्हा शेजारणीने मामीला दिवसभर लोकर पिंजायला बसवून ठेवलं. मग तीन म्हातारे आले आणि तिची तब्येत विचारत बसले. याला नुसत्या पांढऱ्या दाढ्या लावायच्या बाकी होत्या.”

ल्यूबामावशी पोट धरून हसली. तिलेक खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला.

त्याचा फोन वाजला. तो कंटेनरामागे गेला. “इथंच आहोत,” तो हळू आवाजात म्हणाला. “नाही. अजून नाही सांगितलं. बरं, थांबतो.”

“कोण रे?” तो परत आल्यावर उलानने विचारलं.

“माझे काका.”

“तुझा चेहरा असा का झालाय?”

“ऊन लागलं.”

पाचवी काच नवी होती, दोन थरांची, मध्ये पारदर्शक पापुद्रा. फुटली तरी तुकडे जागच्या जागी धरून ठेवणारी. तिलेकने तिच्यावरही बराच वेळ घालवला.

“बाबांना नाही चालायची,” उलान म्हणाला. “ते म्हणतात, काच एक तर अख्खी असावी, नाहीतर नसावी. तडे घेऊन बसलेली काच समोर कशाला?”

शेवटी मावशीने अगदी मागून एक काढली. कोपऱ्यात कारखान्याची खूण. तिलेकने खिशातला चकाकी कापणारा काळा गॉगल लावला. त्यातून काचेवर फिकट ठिपके उमटले, चित्त्याच्या अंगावर असावेत तसे. म्हणजे जुनीच, कडक केलेली. त्याने चारही कडांवरून बोट फिरवलं. दोनदा फिरवलं. खोट सापडेना.

“बोल की,” उलान म्हणाला.

“चांगली आहे.”

“चांगली? सोनं आहे! तुझा फोन दे, बाबांना सांगतो.” त्याचा स्वतःचा फोन निघताना तिलेकने वर्कशॉपातच चार्जिंगला लावून ठेवला होता. “आपणच आधी बोलावं. बाप आहे.”

तिलेकचा हात खिशावरच राहिला. “बॅटरी संपत आलीये. सरळ काचच दाखव ना.”

“हेही खरं. तोंड बघण्यासारखं होईल त्यांचं!”

खिशातला फोन थरथरला. तिलेकने निरोप वाचला. “चल,” तो म्हणाला. “निघू या.”

“आँ? दिवसभर नव्हती ती घाई आता कुठून आली?”

तिलेकच्या गाडीत उलान मागच्या सीटवर काच उभी धरून बसला, खाली ब्लँकेट, वर दोन्ही हात. तोकमोक जवळ आलं तसा तिलेकने वेग कमी केला.

“उलान, काल ती काच मी फोडली.”

उलानने काचेआडून पुढे डोकावलं.

“काल का नाही बोललास?”

“भ्यालो.”

“गाढवा!” उलानचा आवाज चढला आणि मग मध्येच बसला. “त्या काचेपायी मी बापाला काय बोललो ठाऊक आहे? म्हणालो, पुन्हा तोंड नाही दाखवणार.”

“ऐकलं मी. दारातच होतो.”

“मग आज त्यांच्यासमोर उभं राहून हे तूच सांगायचं. मी तोंड उघडायच्या आधी. कळलं?”

तिलेकने आरशात पाहिलं नाही. “तुला आधी सांगायचं होतं,” तो म्हणाला.

“रडतोस काय, वेड्या? चार शिव्या देतील. नंतर पहिली चक्कर तुलाच मारून आणतील, बघ.”

गाडी गल्लीत वळली. दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या. सपार-आकेंच्या घराचं फाटक सताड उघडं, आणि अंगणात पांढऱ्या लोकरी नमद्यांचा गोल तंबू नुकताच उभा राहिलेला.

“लग्न कुणाचं रे?” उलान म्हणाला.

फाटकाशी तीन म्हातारे उभे होते. त्यांतल्या सर्वांत थोराने मागचं दार उघडलं, उलानच्या हातातून काच अलगद काढून घेतली आणि दुसऱ्याकडे दिली.

“ये, बाळा,” तो म्हणाला. “आधी बस. तब्येत कशी आहे तुझी?”