नव्या तांदळाची पेज

गेणूबाबांच्या घरात थोरल्याने चाखल्याशिवाय नवा तांदूळ कुणी खात नाही. यंदा घोटीजवळच्या त्यांच्या गावी इंद्रायणी तांदूळ भरडून आला, तेव्हा बाबा नाशिकला, गंगापूर रोडवरच्या कॅन्सर शुश्रूषा केंद्रात होते. आता उपचार नव्हते, फक्त वेदना कमी ठेवायची औषधं. घशातून पाणीही उतरत नव्हतं, तरी रोज विचारत, "नवा आला का?" शेवटी धनराज, त्यांचा मुलगा, डबा घेऊन आला. "बा, नव्याची पेज आणलीय." नर्स सरिताताईंनी कापसाचा बोळा पेजेत बुडवून बाबांच्या जिभेवर टेकवला. बाबांनी जीभ टाळूला लावून पाहिली. "हा रेशनचा हाय." धनराजची मान खाली गेली. "नव्याच्या गोणीला हात नाय लावला, बा. तू घरी आल्यावर उघडू म्हणलं." "मंग पोरं काय खातात?" "रेशनचाच." "उघड," बाबा एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी डब्याचं झाकण निघालं आणि औषधांच्या वासावर नव्या तांदळाचा वास चढला. शेजारच्या खाटेवरचे आजोबा कूस बदलून बघू लागले. बोळा जिभेवर टेकताच बाबांनी डोळे मिटले. गिळता काहीच आलं नाही. सरिताताईंनी ओघळलेली पेज पुसली. मग बाबांनी डबा मुलाकडे सरकवला. धनराज खाईना. "खा," बाबा म्हणाले, "आन् पुढल्या साली कुणाची वाट बघू नको."