कार्डाची मागची बाजू

"'न्यूफँगल्ड'चं कार्ड काढ गं जरा," खुर्चीत टेकता टेकता तात्या म्हणाले.

संपादकबाईंनी कॉम्प्युटरकडे खुर्ची वळवली. इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या या कचेरीत तात्यांनी एकतीस वर्षं काढलेली. कार्डाच्या पुढच्या बाजूला शब्द आणि अर्थ, मागच्या बाजूला त्याचं मूळ, ही शिस्त त्यांचीच. निवृत्त झाले तरी महिन्याकाठी त्यांची एक चक्कर ठरलेली.

"आता सगळं कॉम्प्युटरवर आहे, तात्या. हे बघा, 'नव्या टूमचा, उगाचच नवा'."

"अर्थ काय, शेंबडं पोरही सांगेल! मूळ कुठाय? पूर्वी हा शब्द वस्तूला नाही, माणसाला लावायचे. नवं दिसलं की झडप घालणाऱ्याला. त्यातलं 'फँग' म्हणजे झडप घालून धरणं. आठवडाभर डोकं खाल्लं होतं त्यानं माझं. मागची बाजू बघ ना."

मागची बाजू होतीच कुठे? नवा कॉम्प्युटर आला आणि बाईंना कोण घाई! कपाटं अडगळ वाटायला लागली. पुढची बाजू उतरवून घ्या आणि कार्डं काढून टाका, हे सांगितलं त्यांनीच. मागे काही लिहिलंय हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण घाईत तेच विसरल्या. आठवलं तोवर रद्दीचा टेम्पो गेला होता, कागदाचा लगदा झाला होता. गेले सहा दिवस बाईंना घास गोड लागत नव्हता.

"तात्या, मागची बाजू घेतलीच नाही. माझं चुकलं. कार्डं रद्दीत गेली."

"सगळी?"

"सगळी."

तात्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चार शब्द सुनावले असते तर बाईंना बरं वाटलं असतं.

"बरं, रडू नकोस. कागद घे. 'ए'पासून सुरू करू. तू शब्द वाच, मी मूळ सांगतो."

पहिल्या शब्दाचं मूळ त्यांनी घडाघडा सांगितलं. दुसऱ्याचंही. बाईंच्या जिवात जीव आला.

तिसऱ्या शब्दाला ते थांबले. बाईंनी तो पुन्हा वाचला.

"नाही गं आठवत," ते ओशाळून म्हणाले, जणू चूक त्यांचीच होती. "कार्डावर लिहून ठेवलं होतं ना, म्हणून डोक्यात ठेवलं नाही."