कोयतूर म्हणा

बैलगाडीचा आस मोडला तो भर जंगलात. आलापल्ली मागे पडलेली, चामोर्शी अजून लांब, आणि गाडीत गुणाबाईला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झालेल्या. तिचा नवरा नानाजी खाली उतरून चहूकडे पाहू लागला.

नाल्यापलीकडच्या गोंडांच्या गावात बुधरी नावाची म्हातारी सुईण होती. ती बाजारात चारोळी विकायला यायची, गुणाबाईशी तिची गट्टी होती. नानाजी मात्र लाकडाच्या डेपोवरचा मुकादम. या लोकांना तो 'ए जंगली' अशीच हाक मारायचा, बुधरीलाही. आता तिच्याच दारात जायचं होतं.

"तिले जंगली नका म्हनू," गुणाबाई दात आवळून म्हणाली. "त्याईचं सोताचं नाव हाये. कोयतूर म्हना. लेकराचा जीव तिच्या हाती हाये."

नानाजी पळत सुटला. सत्तावन्न साल ते, नाल्यावर पूल कुठला? 'कोयतूर, कोयतूर' घोकत धोंड्यांवरून जाताना पाय सटकला, डोकं खडकावर आदळलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण उठला तो असा हलका, की दुखणंबिखणं काही नाही. जिवाची घाई असली की असंच होतं बुवा.

गावात कुत्रंही भुंकलं नाही. मोहाखाली बसलेल्यांना त्याने रामराम केला, कोणी मान वर केली नाही. बुधरी अंगणात धान कांडत होती. तो हात जोडून म्हणाला, "बाई, तुमी कोयतूर लोक. माहं चुकलं. पन चला." तिचं मुसळ थांबलं नाही. इतकी वर्षं जे बोललो तेच आता अंगावर आलं, यात तिची काय चूक? तो पाया पडला, रडला.

तेवढ्यात नाल्याकडून पोचू नावाचा गडी धावत आला आणि गाडीच्या दिशेने बोट दाखवत तिच्या कानाशी लागला. बुधरीने मुसळ टाकलं, नाळ कापायला विळा घेतला आणि निघाली. देवच पावला! नानाजी तिच्या मागोमाग धावला. पोचू आणि आणखी एक जण बाज घेऊन नाल्यात उतरले. गुणाबाईला उचलून न्यायला असेल, त्याला वाटलं.

दिवस मावळायच्या आत मुलगा झाला. पण दूध धरेना, निपचित पडून राहिला.

"आमच्यात गेलेलं मानूस लेकरू होऊन परत येते," बुधरी म्हणाली. "त्याचं नाव सापडलं का लेकरू दूध धरते. तुमच्या घरचे गेलेले सांग."

गुणाबाईने सासऱ्याचं नाव घेतलं, मग सासूचं. पोराने तोंड फिरवलं. नानाजी चाकाला धरून ओरडला, "बिरजूकाकाचं घे!" तिने ऐकलंच नाही.

"अजून कोनी?" बुधरीने हळूच विचारलं.

गुणाबाईने नाल्याकडून आणून ठेवलेल्या बाजेकडे, तिच्यावरच्या चादरीने झाकलेल्या देहाकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव तिने कधी ओठांवर आणलं नव्हतं.

"नानाजी," ती म्हणाली.

लेकराने दूध धरलं.