एजंटची निवड

यंदा कारखान्याने पहिल्यांदाच ठरवलं, की कंत्राटी क्रेनचालकांनी आपल्याला कामावर पाठवणारा एजंट आपणच निवडायचा. म्हणून आम्ही दोघं टेबलाच्या या बाजूला होतो आणि समोर एजंट टायची गाठ सैल करत होता. मी विचारलं, "माणूस पाठवण्याआधी कामाची जागा बघून येता?" "स्वतः जातो, दादा! माझी माणसं म्हणजे माझं कुटुंबच." माझ्या शेजारी बसलेले म्हातारे काका, आमच्यातले सगळ्यात जुने क्रेनचालक, हसले. "कुटुंब भलतंच मोठं दिसतंय." मी दार उघडलं. माझा धाकटा भाऊ कुबडी टेकत आत आला. याच एजंटने जागा न बघता त्याला भुसभुशीत जमिनीवर क्रेन चालवायला धाडलं होतं. क्रेन कलंडली, त्याचा पाय गेला, आणि त्यानंतर एजंटने एकदाही फोन उचलला नाही. आई म्हणते, माफ कर. पण क्षमा हे देवाचं काम, आणि देवाच्या कामात मी लुडबूड करत नाही. भावाने कुबडी टेबलावर आडवी ठेवली. "ओळखलंत मला?" एजंट गोड हसला. "म्हणजे काय! तुम्ही तर आपलेच." "मग नाव सांगा." एजंटने समोरची फाइल चाळली. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर पाहिलं. फाइल आवरून तो उठला, तसे काका दाराला पाठ लावून उभे राहिले. भाऊ अगदी हळू आवाजात म्हणाला, "बसा. आठवेपर्यंत बसा. मला आता कुठे जायचंय?"