ताजी दळलेली पूड

काकू स्वतःच्या बागेतली कॉफी घरीच भाजून दारात विकत. पलीकडच्या गल्लीतली शिक्षिका दर दोन दिवसांनी ताजी दळलेली पूड नेई.

"घरात तुम्ही बापलेक दोघंच. कॉफी पिता की तिनं अंघोळ करता गं?" काकू तिला चिडवत. ती नुसती हसे.

परवा ती आली नाही, म्हणून काकूच पुडा घेऊन तिच्या घरी गेल्या. तिचे वडील खाटेवर पडून होते. पाय पांघरुणाखाली होते, चेहरा मात्र खुललेला होता.

"या वहिनी! डॉक्टरांनी माझ्या पायापुढे हात टेकले होते. पण आता बघा, दुखत नाही की खुपत नाही. जखमेला काय घाण वास यायचा, तोसुद्धा गेला! पुढच्या महिन्यात मीच चालत येतो की नाही तुमच्याकडे, बघाच!"

"या की! पहिला कप माझ्याकडून," काकू म्हणाल्या.



लेकीने काकूंच्या हातातला पुडा घेतला आणि खाली वाकून, खाटेखाली वडिलांच्या पायांशी मांडलेल्या बशांमध्ये ती ताजी पूड भरू लागली.